चित्र पानात नसतं

“सर, तुम्ही स्वतः कधी एखादं वेबपेज बनवलंय का?”

प्रश्न काही तिच्या एकटीच्या डोक्यातून निघालेला नव्हता. मधल्या सुट्टीत तिसऱ्या बाकावर तो शिजला, मैत्रिणींपैकी चष्मीने त्याला धार लावली, लांबडीने पैज लावली आणि पुढे ढकललं ते तिला. तिने विचारलं तर भूगोलाचे महिनाभराचे नकाशे दोघी मिळून काढून देणार. नाही विचारलं तर ती पुन्हा ‘गुळणी’. हे नाव तिला लहानपणापासून चिकटलेलं. वर्गात तोंडात मिठाची गुळणी धरून बसायची, म्हणून गुळणी. गेल्या वर्षी वादविवाद स्पर्धेत कुणीतरी आजारी पडलं म्हणून ती चुकून उभी राहिली, चुकून बोलली आणि चुकून जिंकलीसुद्धा. तेव्हापासून वर्गाने तिचं नाव बदलून ‘तोफ’ ठेवलं. आता एकदा तोफ झालेल्या माणसाला पुन्हा गुळणी व्हायचं म्हणजे काय, हे तोफ झालेल्यालाच कळेल. म्हणून ती उभी राहिली आणि तिने बत्ती दिली.

सर फळ्याकडे तोंड करून लिहीत होते, त्यांचा खडू जागीच थांबला.

सरांना सगळी शाळा ‘समास सर’ म्हणायची. कारण त्यांचा कॉम्प्युटरचा तास वहीत चालायचा, आणि वहीत डाव्या हाताला चार बोटं समास सोडला नसेल तर ते पुढचं वाचायचेच नाहीत. वेबपेजचा कोडसुद्धा वहीतच. सुरू होणारा टॅग निळ्या पेनाने, बंद करणारा टॅग लाल पेनाने, खाडाखोड केली की अर्धा गुण गेला. कोड लिहून झाला की खाली पट्टीने चौकोन आखायचा आणि ‘पडद्यावर काय दिसेल’ ते पेन्सिलीने काढायचं. कोडमध्ये जिथे चित्र असेल तिथे चौकोनात चित्र काढायचं, नाहीतर कापून डिंकाने चिकटवायचं. पानाची पार्श्वभूमी लाल करा असा गृहपाठ आला, तेव्हा लांबडीने अख्खं पान लाल खडूने रंगवून नेलं होतं आणि तिला दहापैकी दहा मिळाले होते. लांबडीचा हात चित्रकलेत चांगला, त्यामुळे वेबपेजमध्ये वर्गात पहिली तीच. तिने आजवर माउसला बोटही लावलेलं नव्हतं.

कॉम्प्युटर नव्हते असं नाही. जिन्याखालच्या खोलीत बारा होते, प्लास्टिकची झबली घालून ओळीने बसलेले. महिन्यातून एकदा वर्ग चपला बाहेर काढून आत जायचा, हात मागे बांधून भिंतीकडेने एक फेरी मारायचा आणि बाहेर यायचा. संग्रहालयात निदान पाट्या तरी वाचायला मिळतात.

“नाही,” सर वळून म्हणाले. रागावले नव्हते, हेच भयंकर होतं. हातावरची खडूची भुकटी त्यांनी सावकाश झटकली. “नऊ वर्षं शिकवतोय. बनवलं मात्र नाही. तू बनवशील?”

खरं तर इथे ‘माफ करा सर’ म्हणून खाली बसायचं असतं. पण तोफेला मागे ओढायचा दोर कुठे असतो. ती म्हणाली, बनवीन की.

मग सरांनी सगळ्या वर्गादेखत बोली केली. दोन आठवड्यांनी शनिवारी पालकसभा होती. त्या दिवशी सभागृहाच्या मोठ्या पडद्यावर, पालकांसमोर, हिने बनवलेलं पान चित्रांसकट दिसलं, तर ते स्वतः मुख्याध्यापिकाबाईंकडे जाऊन लॅब उघडून घेतील आणि मुलं खऱ्या कॉम्प्युटरवर शिकतील. नाही दिसलं, तर वर्षभर वही, आणि शिवाय हा धडा सगळ्यांनी पाच वेळा लिहून आणायचा. समास सोडून.

एक्केचाळीस मानांनी एकदम वळून तिच्याकडे पाहिलं. बाहेर पडल्यावर चष्मी म्हणाली की आम्ही प्रश्न विचारायला सांगितलं होतं, सगळ्या वर्गाचं बखोट सरांच्या हातात द्यायला नव्हतं सांगितलं. लांबडी तर रडकुंडीला आली होती. तिचे दहापैकी दहा आता कुठे जाणार, याची तिला काळजी.

घरी कॉम्प्युटर होता, तोच एक आधार. तो हॉलच्या कोपऱ्यात, बाबांनी शिवून घेतलेल्या कापडाखाली असायचा. बाबा एका मोठ्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये होते. दहा वर्षांपूर्वीच्या रोग्याची फाईल मागितली तर चार मिनिटांत आणून देणारा माणूस, अशी तिथे त्यांची ख्याती, आणि ती ख्याती ते रोज संध्याकाळी घरी घेऊन यायचे. स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. चार्जरच्या पेटीवर चिठ्ठी. शिवणाच्या सुया लांबीप्रमाणे. जागच्या जागी ठेवलेली वस्तू शोधावी लागत नाही, हे वाक्य तिने बोबडं बोलायच्या वयात पाठ केलेलं.

आईचं मात्र उलट. मागच्या खोलीत आईची कार्यशाळा होती. शहरातल्या सात-आठ दंतवैद्यांकडून तिच्याकडे प्लास्टरचे ठसे यायचे आणि ती त्यांवरून कवळ्या बनवायची. टेबलावर मेण, गुलाबी पूड, पितळी दिवा, आणि चहूकडे जबडे. वरचे, खालचे, अर्धे, पाऊण. त्या खोलीत बाबांना दाराच्या आत पाऊल टाकायची परवानगी नव्हती, आणि त्या घराचा संसार टिकला तो त्याच एका नियमावर, असं मावशी म्हणायची.

पान कशाचं करायचं, यावर फार डोकं चालवायला वेळच नव्हता. समोर दिसलं त्याचं करायचं. ‘आईच्या हातच्या कवळ्या’. आईने आपल्या फोनवर सात फोटो काढून दिले. एकेक कवळी तिने निळ्या कापडावर अशी ऐटीत बसवली होती की जणू नवरीचे दागिने.

सोमवारी शाळेतून आल्या आल्या ती कॉम्प्युटरवर बसली. वहीत एका तासात अडीच पानं कोड लिहिणारी मुलगी, पण कीबोर्डवर तो टोकदार कंस कुठे असतो ते शोधण्यातच पाव तास गेला. वहीत विसरलेला टॅग सर लाल शाईने भरून द्यायचे. इथे एक टॅग बंद करायचा राहिला तर अख्खं पान ठळक अक्षरांत ओरडायला लागायचं. पण जमलं. जेवायला हाका सुरू झाल्या तेव्हा पडद्यावर तिचं नाव नसलेलं, पण तिने केलेलं एक पान उभं होतं. वर शीर्षक, खाली आईबद्दल चार ओळी आणि त्याखाली सात कवळ्या सात फोटोंतून दात दाखवत होत्या. तिने आईबाबांना ओढून आणून दाखवलं. आई म्हणाली, तिसऱ्या फोटोतला सुळा जरा तिरपा दिसतोय. बाबांनी दोन वेळा वाचलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मंगळवारी दुपारी लांबडी आणि चष्मी पान बघायला आल्या. तिने मोठ्या दिमाखात उघडलं. शीर्षक होतं. चार ओळी होत्या. आणि जिथे सात कवळ्या होत्या तिथे सात रिकामे चौकोन, कोपऱ्यात फाटक्या चित्राची खूण असलेले.

“बोळकं झालं,” चष्मी म्हणाली.

तिने कोड वाचला. पुन्हा वाचला. चष्मीने वही काढून ओळ न् ओळ ताडून पाहिली. सगळं बरोबर. शेवटी तिने सगळं पुसून पहिल्यापासून पुन्हा टाइप केलं, आईच्या फोनमधून सातही फोटो नव्याने घेतले आणि पानाशेजारी टाकले. दिसले. संध्याकाळी दिसले, आईला दिसले, बाबांना दिसले.

बुधवारी दुपारी बोळकं.

गुरुवारी तिने टॅगमधल्या मोकळ्या जागा बदलून पाहिल्या. शुक्रवारी फोटोंचा आकार कमी केला. शनिवारी पार्श्वभूमी पांढरी केली, कारण चष्मीच्या मते निळा रंग चित्रांना सोसत नव्हता. रविवारी सकाळपासून बसली, सोमवारी डोकं दुखतंय सांगून खेळाचा तास बुडवला. दर संध्याकाळी पान शहाण्यासारखं दिसायचं आणि दर दुपारी दात पाडून बसलेलं असायचं. दर वेळी ती पुसायची, पुन्हा टाइप करायची, फोटो पुन्हा घ्यायची. तो कोड आता तिला झोपेतही म्हणता आला असता. इकडे वर्गात तिला रोज विचारणा. कुणी विचारायचं, उघडतेय ना लॅब, आणि कुणी विचारायचं, पाच वेळा लिहायला आत्तापासूनच सुरुवात करू का. एकाने तर खरंच सुरुवात केली होती.

मंगळवारी पुन्हा तेच सात चौकोन पाहिल्यावर तिने माउस आपटला आणि मागच्या खोलीत जाऊन आईसमोरच्या स्टुलावर धाडकन बसली. मला हे जमणार नाही, तो कोडच शापित आहे, समास सरांची वहीच बरी होती, निदान तिथे रंगवलेलं पान दुसऱ्या दिवशी लालच राहायचं, असं एका दमात सांगून मोकळी झाली.

आई एक कवळी बसवून पाहत होती. वरच्या आणि खालच्या दातांमध्ये तिने निळ्या कागदाची पट्टी धरली, दोन्ही जबडे दाबले, पट्टी काढली. एका दाढेवर निळा ठिपका उमटला होता. तेवढाच तिने घासला. पुन्हा पट्टी, पुन्हा दाब. आता ठिपका शेजारच्या दाढेवर.

“काल तू काय काय बदललंस?” आईने मान वर न करता विचारलं.

तिने यादी सांगितली. लांबलचक होती.

“मग कळणार कसं? एका वेळी एकच दात घासायचा. दोन घासलेस तर बसली कशाने आणि बिघडली कशाने, ते तुलाच सांगता यायचं नाही. आज काहीच घासू नकोस. पट्टी धर आणि बघ, ठिपका कुठे येतो.”

तिने तसंच केलं. म्हणजे त्या संध्याकाळी फोटो तेवढे पुन्हा घेतले, पान नीट दिसतंय हे पाहिलं, आईला साक्षीला ठेवलं आणि मग एका अक्षराला हात लावला नाही. बुधवारी शाळेतून आली, दप्तरही न काढता पान उघडलं. बोळकं. तिने कोडला बोट लावलेलं नव्हतं आणि तरी बोळकं. म्हणजे नऊ दिवस ती चोर सोडून संन्याशाला फाशी देत होती.

मग तिने पहिल्यांदाच पान बाजूला ठेवून फोल्डर उघडलं. त्यात पान एकटंच होतं. शेजारी टाकलेले सात फोटो गायब. शोधत शोधत ती आत गेली आणि तिला एक फोल्डर सापडलं. ‘०३ छायाचित्रे’. त्यात ‘आईचे काम’. त्यात ‘कवळ्या’. त्यात ‘वरच्या’, ‘खालच्या’, ‘अर्ध्या’ आणि ‘दुरुस्ती’. प्रत्येकात फोटो, प्रत्येक फोटोला नवं नाव, नावापुढे तारीख. सात फोटो, नऊ दिवस. त्रेसष्ट कवळ्या जागच्या जागी.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. कळसा संध्याकाळी साडेसहाला ऑफिसातून घरी आला, बूट कपाटात ठेवले आणि आज पान झालं का, असं प्रेमाने विचारलं.

ती जे काही बोलली ते सगळं इथे सांगण्यासारखं नाही. सारांश असा, की माझं आयुष्य, माझा वर्ग आणि माझी इज्जत तुम्ही फायलीला लावलीत. बाबा आधी गोंधळले आणि मग दुखावले. रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी पंधरा मिनिटं ते कॉम्प्युटर आवरतात, वर्षानुवर्षं, अगदी रविवारीसुद्धा आवरतात. रोज नवे सात फोटो पानाशेजारी इतस्ततः पडलेले दिसत होते. त्यांना वाटलं, आई रोज नव्या कवळ्या देतेय आणि पोरगी रोज नवे फोटो काढतेय.

“मी एकसुद्धा पुसला नाही,” ते म्हणाले. “नीट लावले.”

“तेच तर केलंत. नीट लावलेत.”

आईने मागच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं. आपलेच दात, आपलेच ओठ, तिने कुणाला चावायचं. शेवटी बाबांनी शब्द दिला की शनिवारपर्यंत ते कॉम्प्युटरवरचं कापडसुद्धा उचलणार नाहीत. आणि त्यांनी तो पाळला, हे नमूद केलं पाहिजे.

तिने आईच्या फोनमधून फोटो परत घेतले, एक ते सात नावं दिली आणि पानाशेजारी टाकले. सातही दिसत असताना तिने पान दोन वेळा सेव्ह केलं. एकदा दिसत असताना सेव्ह केलं की चित्रं पानाला बसली, असा तिचा पक्का समज. वहीत नाही का, डिंक वाळला की चित्र हलत नाही. गुरुवारी दिसलं, शुक्रवारी दिसलं. बोळकं गेलं ते गेलंच. खरं कारण नाकासमोर होतं, पण नाकाच्या शेंड्यावर राग बसला असेल तर पलीकडचं कसं दिसणार. शनिवारी सकाळी तिने ते पान पेनड्राइव्हवर घेतलं. पान तेवढं घेतलं.

सभागृहात शिपाईमामांनी लॅबमधला एक कॉम्प्युटर ढकलगाडीवरून आणून ठेवला होता. त्याचं झबलं अर्धंच काढलेलं, कारण पूर्ण काढायचा हुकूम नव्हता. पडदा उतरवला होता. मुख्याध्यापिकाबाईंचं भाषण झालं, निकालांचे तक्ते झाले, आणि समास सरांनी ध्वनिक्षेपकावरून सांगितलं की आमच्या एका विद्यार्थिनीने एक पान तयार केलंय. तेवढ्यावर टाळ्या वाजल्या. तिने पेनड्राइव्ह लावला आणि पान उघडलं.

शीर्षक. चार ओळी. सात चौकोन.

तिची नजर सरळ तिसऱ्या रांगेत बाबांवर गेली. ती नजर कोर्टात चालली असती. बाबांनी दोन्ही तळहात वर केले आणि मान जोरजोरात हलवली. मी नाही. आईने त्यांच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, आणि मग हाताने हळूच एक खूण केली. चिमटीत काहीतरी धरल्याची. पट्टी धर.

मागून कुणीतरी हसलं. कडेच्या बाकांवर वर्गातली पोरं होती. ती हसत नव्हती, ती मनातल्या मनात पाच वेळा लिहायला लागली होती.

तिने फोल्डर उघडलं. त्यात पान एकटंच. चारशे माणसांसमोर, बारा फुटी पडद्यावर, एकटंच. आणि तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. कोडच्या ओळीत चित्र कधी नव्हतंच. चित्र कुठे सापडेल तेवढं लिहिलेलं होतं. बाबांनी फोटो उचलले तेव्हा पत्ता चुकला. आता तर फोटो घरीच राहिले, आणि पान इथे येऊन रिकाम्या घरांची दारं वाजवत होतं. बाबांवर तिने एवढी आग पाखडली, आणि आज चूक तिची एकटीची.

“सर, फोटो घरी राहिले,” ती म्हणाली. ध्वनिक्षेपक चालूच होता.

सभागृहात मघापेक्षा मोठं हसू पसरलं. बाईंनी घड्याळ पाहिलं आणि चहा-बिस्किटं मागच्या पटांगणात आहेत असं जाहीर केलं. खुर्च्या वाजायला लागल्या. त्या गडबडीत बाबा उठले, लोकांच्या उलट दिशेने, सॉरी सॉरी म्हणत स्टेजपाशी आले आणि शर्टाच्या खिशातून एक पेनड्राइव्ह काढला. त्याला दोरीने छोटी चिठ्ठी बांधलेली होती. ‘कवळ्या, नक्कल’.

“भांडणाच्या आधीच केलेली आहे,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “कॉम्प्युटरला त्यानंतर हात लावलेला नाही. नक्कल ठेवल्याशिवाय मी रेकॉर्ड बाहेर जाऊ देत नाही, तुला माहितीये.”

त्यांना मिठी मारावी की ओरडावं, हे तिला ठरवता आलं नाही, आणि वेळही नव्हता. फोटो होते, पण बाबांच्या पद्धतीने. चार फोल्डरच्या पोटात, नवी नावं, तारखांसकट. म्हणजे सातही ओळी बदलणं भाग. तिने नोटपॅडमध्ये कोड उघडला. पडद्यावर कोड उमटला आणि मागच्या दारापाशी गेलेली तिच्या वर्गातली पोरं थबकली. वर्षभर निळ्यालाल शाईत लिहिलेली ती अक्षरं त्यांनी पहिल्यांदा खऱ्या जागी पाहिली.

तिने एक ओळ बदलली. एकच. सेव्ह केलं, पान पुन्हा उघडलं. पहिल्या चौकोनात एक कवळी आली. मग दुसरी ओळ. घाईत तिने तारीख चुकवली, चौकोन रिकामाच राहिला. तेवढीच दुरुस्त केली, आली. बाबा शेजारी उभे राहून फोल्डरची नावं तोंडपाठ सांगत होते. तिसरी. चौथी. पुढच्या रांगेत एक आजोबा चहाला न जाता बसून राहिले होते, ते एकदम पुढे वाकले. ती खालची माझी आहे, त्यांनी आईला सांगितलं, आणि ओळख पटावी म्हणून हसून दाखवलं.

समास सर स्टेजच्या कडेने येऊन तिच्या खुर्चीमागे उभे होते. कधी आले ते तिला कळलं नव्हतं.

“म्हणजे चित्र पानात नसतं?” त्यांनी विचारलं.

“नाही सर. पानात फक्त पत्ता असतो.”

सरांनी पडद्याकडे पाहिलं. नऊ वर्षांत किती वह्यांमध्ये त्यांनी किती चित्रं चिकटवून घेतली असतील, याचा हिशोब त्यांच्या चेहऱ्यावर चाललेला दिसत होता. मग ते म्हणाले, सहावी ओळ मला करू दे. एका बोटाने, फार सावकाश, जीभ ओठांत धरून त्यांनी ती केली. सहावी कवळी आली तेव्हा त्यांनी आजूबाजूला पाहिलं, कुणी बघितलं का म्हणून.

सातवी आली. वर्गातल्या अकरा पोरांनी टाळ्या वाजवल्या, आजोबांनी वाजवल्या, शिपाईमामांनी झबलं काखेत धरून वाजवल्या. बाकी सभागृह रिकामं होतं. चारशेतले तीनशे ऐंशी चहा पीत होते.

आणि इथे घोडं अडलं. सर बाईंकडे गेले, ती, लांबडी आणि चष्मी दाराबाहेर कान लावून. सर भांडले, हे खरं. आवाज चढवून भांडले. पण बाईंचं म्हणणं असं, की ठरलं होतं ‘पालकांसमोर’, आणि पालकांनी पाहिलं ते सात रिकामे चौकोन. तरीही पोरीने धडपड केली आहे, तर मधला मार्ग काढू. पाच वेळा लिहायची शिक्षा माफ. लॅब उघडेल, बुधवारी एक तास. वही आहे तशीच चालू राहील, गुणही वहीचेच. बारांपैकी पाचच कॉम्प्युटर सुरू होतात, तेव्हा मुलांनी समजून घ्यावं.

चष्मीने तिथेच भिंतीला वही टेकवून भागाकार केला. चाळीस मिनिटांचा तास, पाच कॉम्प्युटर, बेचाळीस जण. वाट्याला पाच मिनिटंसुद्धा येत नव्हती.

“पाच मिनिटांत तर मला कंसही सापडणार नाही,” लांबडी म्हणाली. पडद्यावर कोड पाहिल्यापासून तिला आपले दहापैकी दहा खोटे वाटायला लागले होते, आणि हे तिने अगदी हळू आवाजात सांगितलं. वर्गातली बाकीची नऊ पोरं पायऱ्यांवर वाट पाहत उभी होती. निकाल ऐकून कुणी तिला बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. एकाने नुसतं विचारलं, तुझ्या घरचा कॉम्प्युटर किती वाजेपर्यंत चालू असतो?

घरी येताना वाटेत ती बोटांवर काहीतरी मोजत मागे राहिली. आई आणि बाबा पुढे चालत होते आणि सहावी कवळी आली तेव्हा सरांचा चेहरा कसा झाला होता, त्याच्या नकला करून हसत होते. घरात शिरल्यावर बाबांनी बूट कपाटात ठेवले, पेनड्राइव्ह चिठ्ठीसकट खणात ठेवला आणि छान झालं हो सगळं, म्हणाले.

“छान काहीच झालेलं नाही,” ती म्हणाली. “बसा दोघं. मला सांगायचंय.”

ते बसले. आईच्या नखांत अजून गुलाबी पूड होती.

“वर्गातली मुलं आपल्या घरी येणार आहेत. दर शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी, सहा-सहाच्या तुकड्यांनी. बेचाळीस जण आहेत, सात तुकड्या होतील. प्रत्येकाला वीस मिनिटं, आणि त्या वीस मिनिटांत त्याने स्वतःचं पान स्वतः करायचं, मी नुसती शेजारी बसणार. आई, तुझी खोली बंद राहील, जबड्यांना कुणी हात लावणार नाही, ते माझ्याकडे लागलं. बाबा, दारात बारा चपला पडतील आणि त्या रांगेत नसतील. मुलं फायली कुठेही टाकतील, काहीही नावं देतील, आणि ती तशीच राहतील. नक्कल ठेवायची असेल तर ठेवा, मूळ हलवायचं नाही. समास सरांनाही मी बोलावलंय, ते पहिल्या तुकडीत आहेत. ती तुकडी उद्या सकाळी नऊला येतेय. मी विचारत नाहीये. सांगतेय.”